सूचौला येताय? आधी पासपोर्टवरचं नाव नीट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी दोन वर्षांसाठी चीनमध्ये, शांघायजवळच्या सूचौला धाडतेय, बायको आणि पाच वर्षांची लेक बरोबर येणार, आणि व्हिडिओतल्या चकाचक मेट्रो बघून झाल्यावर आता रोजचा वैताग काय असतो ते खरंखरं हवंय. मी २०१३ साली चाकणहून इथे आले, तीही दोनच वर्षांसाठी. तेव्हा सांगते.

बहुतेक जण भाषा आणि जेवण सांगतील. भाषेचं निम्मं काम आता मोबाईल करतो. जेवणाचं तीन आठवड्यांत जमतं. तूरडाळ, हिंग, मोहरी ऑनलाइन मिळते, कढीपत्त्याचं रोप कुणीतरी जुनं कुटुंब देतं, आणि वसंतात मंडईत त्साओथोउ नावाची तीन-तीन पानांची भाजी येते ती लसणावर परतली की मेथी म्हणून खपते, कडूपणा तेवढा नाही. दही घेताना बिनसाखरेचं बघून घ्या. शाकाहारी असाल तर नुसतं 'रोउ नको', म्हणजे मांस नको, म्हणून भागत नाही. मी तसं म्हटल्यावर एकदा सुकी कोळंबी घातलेला कोबी समोर आला. वाढणाऱ्या बाईंच्या मते कोळंबी हे रोउ नव्हेच. काय काय नको त्याची चिनीत लिहिलेली चिठ्ठी मोबाईलमध्ये ठेवा.

खरा वैताग ओळखपत्राचा आहे, आणि तो सगळीकडे पुरून उरतो.

इथल्या माणसाला जन्मापासून मरेपर्यंत एकच अठरा आकडी नंबर असतो. त्या कार्डाला शनफनचंग म्हणतात. सिम, बँक, रेल्वे, दवाखाना, कर, सगळं त्या नंबरावर उभं. आपण इथे परदेशी, आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे पासपोर्ट, ज्याचा नंबर नवीन काढला की बदलतो आणि ज्यावरचं नाव रोमन लिपीत मारुतीच्या शेपटासारखं. चिनी नाव दोन-तीन अक्षरांत संपतं. आपलं स्वतःचं, मग वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, मग आडनाव. माझं मोकळ्या जागा धरून सत्तावीस अक्षरांचं होतं. बँकेतल्या मुलीने आडनाव आधी घातलं, सिमवाल्याने शेवटी. एकाने मधल्या जागा ठेवल्या, दुसऱ्याने सगळं जोडून टाकलं, आणि तिसऱ्याच्या रकान्यात नाव मावेना म्हणून त्याने आडनावाची शेवटची दोन अक्षरं सोडून दिली. तिघांनाही आपलं काही चुकलंय असं वाटलं नाही. पण वीचॅटवर, म्हणजे इथे निरोपांना आणि पैसे द्यायला सगळे वापरतात त्या ॲपवर, पैशाचं खातं जोडताना बँकेतलं नाव, सिमचं नाव आणि पासपोर्ट यांचं अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. 'माहिती जुळत नाही' एवढंच लाल अक्षरांत येतं. कुठली, ते सांगत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून नाव कसं लिहायचं ते ठरवून, कागदावर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक काउंटरवर तोच कागद पुढे करा. मी हे चार वर्षांनी शिकले.

त्यानंतर पासपोर्टचं नूतनीकरण आलं. शांघायच्या आपल्या वाणिज्य दूतावासातून नवा पासपोर्ट घेतला आणि कागदोपत्री मी मेलेच म्हणा ना. निवास परवान्यात दहा दिवसांच्या आत बदल करून घ्यायचा असतो, तो केला. मग बँक, सिम, रेल्वेचं खातं, कर, विमा, घराची नोंद, प्रत्येक ठिकाणी वेगळं जायचं आणि प्रत्येकाला दुसऱ्याने आधी बदललेलं हवं. बँक म्हणे आधी सिम. सिमवाले म्हणे जुना पासपोर्ट दाखवा. तो शिक्का मारून रद्द केलेला, सुदैवाने माझ्याकडे होता.

बँकेतला तो दिवस अजून आठवतो. काउंटरवरची मुलगी फार तर तेवीस वर्षांची. तिने दोन्ही पासपोर्ट शेजारी उघडले, दोन्ही फोटो बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी नम्रपणे विचारलं, या दोन्ही बायका एकच आहेत याचा दाखला आहे का? मी म्हटलं, मीच आहे. ती म्हणाली, मला पटतंय, पण सिस्टीमला पटत नाही. तेव्हा आठवलं की आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांच्या नावांखाली जुन्या पासपोर्टचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. ते पान दाखवलं. तिने मोबाईल धरून भाषांतर केलं, मग साहेबाला बोलावलं, साहेबाने त्याच्या साहेबाला फोटो पाठवला. मधल्या वेळात कागदी पेल्यात गरम पाणी. इथे कुठलंही संकट आलं की गरम पाणी येतं. बँक बंद झाली, शटर अर्धं खाली आलं, रखवालदाराने झाडू मारायला घेतला आणि ती मुलगी बसूनच. साडेतीन तासांनी यंत्रातून पावती आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी ती मला दिली आणि स्वतःच 'शिनखू ला' म्हणाली, म्हणजे तुम्हाला फार कष्ट पडले. तिच्यावर चिडायची सोयच नव्हती. माझा बारा वर्षांचा अनुभव हाच आहे: रकाने छळतात, आणि त्या रकान्यांपलीकडे बसलेली माणसं जमेल तेवढं ओढून काढतात. हॉटेलात, स्टेशनात, दवाखान्यात, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. म्हणून आवाज चढवू नका. समोरचा तोंड मिटून घेतो आणि मग 'मेइ पानफा', काही इलाज नाही, एवढंच ऐकू येतं. जुना रद्द पासपोर्ट मात्र पुण्याच्या कपाटात ठेवून येऊ नका.

दुसरी गोष्ट चोवीस तासांची. चीनमध्ये कुठेही राहायला गेल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. हॉटेलात असाल तर हॉटेल करतं, घरी राहायला गेलात की तुम्ही, भागातल्या पायछूसुओत, म्हणजे पोलीस चौकीत, जाऊन. २०१३ पासूनच्या कायद्यात ती चुकवली तर दोन हजार युआनपर्यंत दंड आहे. परवाना किंवा पासपोर्ट बदलला की पुन्हा. त्यासाठी भाडेकरार आणि घरमालकाची कागदपत्रं लागतात, आणि इथेच काही मालक परदेशी माणूस नको म्हणतात. त्यांना राग परदेश्याचा नसतो, पोलीस चौकीची भानगड नको असते. घर बघायला गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा, स्वयंपाकघर नंतर बघा. भाड्याची रीत 'या यी फू सान', एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. शिवाय दलाल. म्हणजे इथलं बँक खातं उघडण्याआधीच चार महिन्यांची रक्कम हातात हवी. कंपनीशी हे आत्ताच बोला.

पैसे देणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. २०२३ पासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येतं. दोनशे युआनवरच्या प्रत्येक खरेदीला तीन टक्के जातात हे मात्र भाजीवाल्याकडे कळत नाही, महिन्याच्या शेवटी कळतं. रुपे आणि यूपीआय विसरा.

घरच्यांशी बोलण्याचा घोळ ऐका. व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद, आणि वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी. दोन्ही देशांनी मिळून माझी आई माझ्यापासून तोडली म्हणायची. गूगल, यूट्यूब, इन्स्टाग्रामही नाही. आमच्याकडे शेवटी टीम्स चाललं. चौऱ्याहत्तर वर्षांची आई दर रविवारी साताऱ्याहून 'मीटिंग लाव गं' म्हणते आणि कॅमेऱ्यासमोर पोह्यांची ताटली धरते. भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा. त्यावरचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत जातो, त्यामुळे व्हॉट्सॲप उघडतं, आणि बँकेचे ओटीपीही येतात. महाग पडतं, अडीनडीला वापरा. नकाशासाठी गाओद घ्या. चीनच्या नकाशांची अक्षांश-रेखांशांची पद्धत मुद्दाम थोडी सरकवलेली असते, त्यामुळे परदेशी नकाशावर तुम्ही रस्त्याऐवजी कालव्यात उभे दिसता. सूचौत कालवे भरपूर.

हवामानाचं कुणी सांगत नाही. सरकारी हीटिंग चीनच्या उत्तरेला, साधारण ह्वाय नदीच्या वर. सूचौ खाली. त्यामुळे जानेवारीत पेइचिंगमधली (आपण बीजिंग म्हणतो ते) माणसं घरात टी-शर्टवर आणि आम्ही ऑफिसात जॅकेट घालून टाइप करतो. ओली थंडी, हाडात शिरते. जून-जुलैत मेइयू, पावसाची रिपरिप, चपलांना आणि कपाटातल्या पट्ट्यांना हिरवी बुरशी. बायको कोकणातली असेल तर तिला माहेरी आल्यासारखं वाटेल. ऑक्टोबरच्या सुमारास मात्र सगळ्या गावात क्वेइह्वाची बारीक पिवळी फुलं दरवळतात, झाडाखाली सडा पडतो, तेव्हा आठवडाभर माझी कशाविषयीही तक्रार नसते.

मुलीसाठी: दवाखान्यात आधी ग्वाहाओ, म्हणजे नंबर लावायचा, मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी, मग औषधाचे पैसे, मग औषध. प्रत्येक टप्प्याला खिडकी नाहीतर मोबाईल. ताप आलेलं मूल खांद्यावर घेऊन हे करताना दोघं हवेत, एक रांगेला, एक लेकरापाशी. मोठ्या रुग्णालयांत परदेश्यांसाठी वेगळा विभाग असतो, विमा कंपनी देत असेल तर बिनदिक्कत तिथे जा. शाळेच्या फीचं कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि मोठ्या सुट्टीच्या आधी-नंतरचा एखादा शनिवार-रविवार भरून काढावा लागतो, त्याला थ्याओशियो म्हणतात. सुट्टी देतात आणि मग तिची वसुली करतात. मला अजून पचलेलं नाही.

पगारातून पेन्शनचे आठ टक्के कापले गेले तर देश सोडताना ते अर्ज करून परत मिळतात. बरेच जण विसरून जातात.

आता कागदांचं. बायको आणि मुलीचा व्हिसा तुमच्या नात्यावर मिळणार, त्यावर बायकोला नोकरी करता येत नाही. त्यासाठी लग्नाचा आणि जन्माचा दाखला लागतो. नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टिल करारात, म्हणजे आपल्या सरकारचा एक शिक्का दुसऱ्या देशात चालतो त्या करारात, आहे म्हणून एजंट तेवढंच करून देईन म्हणेल. भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही, चिनी दूतावासाचा शिक्का लागतोच. आणि आपल्याकडे लग्नात आडनावच काय, कधी कधी पाळण्यातलं नावही बदलतं. तुमच्या बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे की सासरचं? लग्नाच्या दाखल्यावर कुठलं? मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून कुठलं? तिन्ही कागद आज रात्री शेजारी ठेवून बघा आणि मला कळवा. एक जरी वेगळं निघालं तर विमानाच्या तिकिटाला इतक्यात हात लावू नका.