मायला घरीच सांभाळायचंय, पण पैशाचं कसं?

प्रश्न : माय ७२ वर्षांची, उजव्या अंगाला लकवा. तिला गाव सोडायचं नाही. मी परभणीत नोकरीला, भाऊ गावी शेती करतो. बाई ठेवायची तर पैसा कुठून आणायचा?
– एक वाचक भगिनी, जिंतूर तालुका

उत्तर : ताई, आधी एक स्पष्ट सांगते, बाईचा पगार देणारी सरकारी योजना शोधत बसू नका, ७० च्या वरच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड दवाखान्यात अ‍ॅडमिट झाल्यावर ५ लाखांपर्यंत कामी येतं, घरच्या बाईसाठी नाही. तरी ते काढून ठेवाच. उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असेल तर तहसीलला श्रावणबाळचा अर्ज करा, महिन्याला १५०० मिळतात. कमोड खुर्ची, वॉकरसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३००० खात्यात येतात, त्याची चौकशी समाजकल्याणला करा.

बाई गावातलीच बघा, मायच्या ओळखीची. सकाळी दोन तास अन् संध्याकाळी एक तास, एवढ्यानंही खूप भागतं. आंघोळ, कपडे, अन् दर दोन तासांनी कूस बदलणं, हे भावाला अन् वहिनीलाही शिकवा, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते अन् ती लवकर भरत नाही. पगार तुम्ही अन् भावानं वाटून घ्या पण आधी बोलून, कारण वहिनी रात्रंदिवस राबते ते पण योगदानच आहे हो, ते हिशेबात धरा. काही अडलं तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, फुकट आहे.