इंटरनेट, फोन काही नसताना अठराव्या शतकातले प्रवासलेखक अनोळखी मुलखाचे नकाशे आणि गावोगावचा इतिहास कसा जमवत?

पत्रं लिहून. आणि उत्तरं येईपर्यंत चिकाटीनं वाट पाहून.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे थॉमस पेनन्ट (१७२६–१७९८). वेल्समधला खाऊनपिऊन सुखी जमीनदार, मूळचा प्राणी-पक्ष्यांचा अभ्यासक. १७६९ मध्ये तो स्कॉटलंड फिरून आला आणि १७७१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. ते खपलं, पण त्यातल्या उणिवा त्याला स्वतःलाच दिसत होत्या. घोड्यावरून चार दिवसांत एखादा जिल्हा ओलांडणाऱ्या परक्याला तिथलं काय कळणार? म्हणून १७७२ मध्ये पुन्हा निघण्याआधी त्याने स्कॉटलंडमधल्या पाद्र्यांना आणि प्रतिष्ठित मंडळींना उद्देशून एक प्रश्नावलीच छापली. आपापल्या पॅरिशमधल्या (एका चर्चच्या अखत्यारीतल्या भागातल्या) जुन्या वास्तू, अवशेष, निसर्ग यांची माहिती द्या. वाटसरूला जे जमणार नाही ते तुम्हाला जमेल, असा एकूण सूर. पाद्र्यांना विचारण्यात शहाणपण होतं. प्रत्येक पॅरिशमध्ये एक शिकलेला माणूस वर्षानुवर्षं राहतो, नोंदवह्या त्याच्याच ताब्यात आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टीही त्याच्याच कानावर पडतात. पुढे १७९० च्या दशकात सर जॉन सिंक्लेअरने हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरून पाद्र्यांकडून सगळ्या स्कॉटलंडचा २१ खंडांचा वृत्तान्त लिहून घेतला.

पण प्रश्नावलीपेक्षा मला जास्त मोलाची वाटतात ती एडिंबरातल्या जॉर्ज पेटनशी झालेली पत्रं. पेटन जकात कचेरीत कारकून. पगार तुटपुंजा, पण जुन्या पुस्तकांचा आणि कागदपत्रांचा नाद जबरदस्त. पेनन्टलाही तो माहिती पुरवायचा आणि रिचर्ड गॉफलाही. हा गॉफ ब्रिटनच्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांची, नकाशांची जंत्री करत होता. लेखकांची नावं मुखपृष्ठांवर झळकली. पेटनची हयात दुसऱ्यांच्या पुस्तकांना रसद पुरवण्यात गेली. अशी माणसं आपल्याकडेही प्रत्येक जुन्या ग्रंथालयाच्या आसपास सापडतात, आणि प्रस्तावनेत त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते.

नकाशांचं दुखणं वेगळंच. तेव्हा सहज मिळणारा स्कॉटलंडचा नकाशा जेम्स डॉरेटचा, १७५० चा. त्यात चुका होत्या. त्याहून फार सरस असं विल्यम रॉयचं लष्करी सर्वेक्षण (१७४७–५५) झालेलं होतं, पण ते हस्तलिखित. छापलंच गेलं नाही, राजाच्या संग्रहात पडून राहिलं. म्हणजे उत्तम नकाशा अस्तित्वात होता, फक्त लेखकाच्या हाताला लागत नव्हता. (आज तोच नकाशा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणीही फुकट पाहू शकतं.) शिवाय टपालाचा खर्च बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याच्या माथी, तोही अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. त्यामुळे जाडजूड गठ्ठा टपालात टाकायचा म्हणजे मित्राच्या खिशाला कात्री.

स्वतःला जिथे पोचता आलं नाही तिथे पेनन्टने सरळ दुसऱ्याची लेखणी वापरली, आणि ते लपवलं नाही. १७७२ मध्ये खराब हवेमुळे त्याला स्टाफा बेटावर उतरता आलं नाही. त्याच वर्षी निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स तिथे उतरला होता. पेनन्टने त्याचं वर्णन मिळवून त्याच्याच नावाने आपल्या पुस्तकात छापलं. उत्तर टोकाकडच्या मुलखासाठी बॅन्फचा पाद्री चार्ल्स कॉर्डिनर कामी आला. पेनन्टला लिहिलेल्या त्याच्या पत्रांचंच १७८० मध्ये स्वतंत्र पुस्तक झालं.

या पद्धतीचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. पुस्तक छापून झालं तरी काम चालूच राहायचं. वाचक चुका कळवत, भर घालत, आणि पुढच्या आवृत्तीत ते सामावलं जाई. पहिली आवृत्ती म्हणजे जवळजवळ मोठ्या प्रश्नावलीसारखीच. सगळे खूश होते असं नाही. आनिक (नॉर्थम्बरलंडमधला किल्ला) विषयीच्या वर्णनावरून पुढे बिशप झालेला थॉमस पर्सी चिडला होता, आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सनने पेनन्टची बाजू घेऊन त्याच्याशी भांडण काढलं.

पेनन्टने हिंदुस्थानवरही पुस्तक लिहिलं, १७९८ मध्ये. पश्चिम हिंदुस्थानवर त्यात एक अख्खा खंड आहे. भारतात तो कधीच आला नव्हता. घरी बसून, इतरांच्या पुस्तकांवरून आणि नकाशांवरून सगळं जुळवलेलं. आपल्या भागाविषयी काय लिहिलंय या कुतूहलाने चाळायला हरकत नाही, पण त्याची पद्धत समजून घ्यायची असेल तर आधी १७७२ च्या प्रवासाचे खंड वाचा, आणि तळटीपा वगळू नका. कुणी काय पुरवलं ते बरंचसं तिथेच कळतं.