जुनी वॅगन आर आणि नवी सी-क्लास: फरक नेमका कुठे जाणवतो?

तुमचा प्रश्न असा की घरातली वॅगन आर अजून ठणठणीत आहे, तर मर्सिडीजची नवी सी-क्लास घेऊन असा किती फरक पडणार, आणि घेतलीच तर जुनी काढून टाकावी का. आमच्याकडे इंदूरला २००५ची वॅगन आर आहे. मेहुण्यांची सी २०० (सी-क्लासचंच पेट्रोल मॉडेल) मी दोनदा पुण्यापर्यंत चालवली आहे.

मला फरक कळला तो ब्रेकवर. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात समोरचा ट्रक एकदम थांबला. मी पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला, तरी चाकं जाम झाली नाहीत आणि स्टिअरिंग हातात राहिलं, म्हणून गाडी बाजूला काढता आली. आमच्या वॅगन आरमध्ये एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, नाही. तिथे चाकं जाम झाली असती आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत गेली असती. एअरबॅग एकही नाही. त्या दिवसानंतर मुलांना घेऊन मी तिने घाटात गेलेलो नाही.

इंजिनाचा आकार पाहिला तर नवल वाटेल. आमचं १०६१ सीसीचं, सी २०० चं १४९६. पण टर्बोमुळे (तो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो) ताकद २०४ हॉर्सपॉवर, म्हणजे आमच्या गाडीच्या साधारण तिप्पट. ओव्हरटेक करताना गिअर पाडून वाट बघत बसावं लागत नाही.

गावात मात्र उलट. सी-क्लास पावणेपाच मीटर लांब आणि १८२० मिलिमीटर रुंद. रामबागेतून राजवाड्याकडे निघालं की सगळं लक्ष आरशांवरच. सराफ्याच्या बाजूला तर मी ती नेतच नाही. शिवाय आईचे गुडघे दुखतात. वॅगन आरची सीट उंच, आई सरळ टेकते आणि पाय आत घेते. सी-क्लासमध्ये खाली वाकून बसायचं आणि उतरताना कुणीतरी हात द्यायचा. घरात वयस्कर माणसं असतील तर शोरूममध्ये त्यांना बसवून, उतरवून बघाच.

जुनी ठेवायची तर खर्च धरून चाला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी वाढवण्याचं शुल्क २०२५मध्ये १०,००० रुपये झालं. दुसरं, पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. एवढ्या जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनलेले नव्हते. आमच्या मिस्त्रीने पेट्रोलच्या नळ्या आणि सील बदलून दिले. तुम्हीही हे आधी करून घ्या, कारण गळती लागली तर आगीची भीती असते.

ऐपत असेल तर नवी घ्या, आणि बाहेरगावी तीच न्या. वॅगन आर विकू नका. भाजी, दवाखाना, देऊळ यांना तीच लागेल, आणि घरातल्या वयस्कर माणसांनाही तीच आवडेल.