इतिवृत्ताच्या वह्या आधी वाच

अनेक आशीर्वाद.

मुलांच्या रुग्णालयासाठी राबणाऱ्या महिला मंडळाचा इतिहास लिहायचं काम तुझ्यावर आलंय, आणि तू आराखडाही धाडलास. अध्यक्षांची यादी, दर दशकात जमलेला निधी, उद्घाटनांचे फोटो. हे सगळं खुशाल परिशिष्टात टाक. अशा स्मरणिका छापल्या जातात, समारंभात वाटल्या जातात आणि पुन्हा कोणी उघडत नाही. पैसे कोणी जमवले हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते कशावर खर्चायचे हे कोण ठरवत होतं, ते शोध.

कॅनडातल्या टोरांटोचं बघ. 1875 मध्ये एलिझाबेथ मॅकमास्टर आणि तिच्या सोबतच्या बायकांच्या समितीने वर्षाला 320 डॉलर भाड्याने अकरा खोल्यांचं घर घेतलं, त्यात सहा लोखंडी खाटा टाकल्या आणि आजारी मुलांसाठी दार उघडलं. पहिली पेशंट मॅगी नावाची पोळलेली मुलगी. वर्गणी मागण्यापासून घर चालवण्यापर्यंत सगळा भार ह्या समितीवर. मॅकमास्टरबाईंनी तर चाळिशी उलटल्यावर शिकागोला जाऊन नर्सिंगचं रीतसर शिक्षण घेतलं! पुढे वर्तमानपत्राचे मालक जॉन रॉस रॉबर्टसन यांनी जोर लावला, 1892 मध्ये 320 खाटांची इमारत उभी राहिली, आणि त्याच सुमारास कारभाराच्या दोऱ्या बायकांच्या हातून गेल्या. मॅकमास्टरबाईही 1892 मध्येच बाहेर पडल्या. रॉबर्टसनना खलनायक करायचं कारण नाही, त्यांचं रुग्णालयावर मनापासून प्रेम होतं. पण इमारतींच्या क्रमाने इतिहास लिहिला की 1892 ही नुसती भरभराटीची साल दिसते.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये गोष्ट वेगळी झाली. ॲना क्लाइझ यांचा पाच वर्षांचा मुलगा 1898 मध्ये गेला. 1907 च्या जानेवारीत त्यांच्यासह 23 बायकांनी प्रत्येकी 20 डॉलर घालून आजारी मुलांच्या उपचारांसाठी संस्था काढली. सुरुवात दुसऱ्याच्या रुग्णालयातल्या सात खाटांच्या वॉर्डापासून. जात-धर्म, ऐपत न बघता मूल घ्यायचं, हे धोरण त्यांचंच, विश्वस्तही त्याच. गावोगावी ‘गिल्ड’ नावाच्या शाखा निघाल्या आणि ते जाळं आजही निधी उभा करतं. मला वाटतं, फरक पैशात नव्हता. सही कोणाची चालते, यात होता. तुझ्या मंडळाची सही कधीपर्यंत चालली, ते बघ.

ते कळेल सभांच्या इतिवृत्तात. ‘एकमताने मंजूर’ या शब्दांवर फार विसंबू नकोस. एखादा विषय तीन सभा पुढे ढकलला गेला आणि चौथ्या सभेत एकमताने मंजूर झाला, तर मधल्या काळात भांडण झालेलं असतं. त्या काळातला पत्रव्यवहार काढ. खर्चाच्या वह्यांतल्या बारीक रकमा तर मी आधी वाचते. कापड, दोरा, बटणं अशा नोंदी वर्षानुवर्षं येतात, कारण वॉर्डातल्या चादरी आणि मुलांचे झगे मंडळाच्या बायकाच शिवतात. मग एका वर्षी कापडाची नोंदच येत नाही. तयार माल स्वस्त झाला, की रुग्णालयाने शिवलेलं घ्यायचं बंद केलं, की शिवणाऱ्या बायका नोकरीला लागल्या? हयात सभासदांना हाच प्रश्न विचार. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की भाषण ऐकायला मिळतं. ‘झगे कोण कापायचं?’ म्हटलं की माणसं बोलू लागतात.

नावांचा घोळ होणारच. जुन्या नोंदींत बाईचं नाव बहुधा नवऱ्याच्या नावाने येतं. प्रत्येकीचं स्वतःचं नाव शोधायचं, कंटाळा आला तरी.

आणखी एक गोष्ट तुझ्या आराखड्यात अजिबात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच रुग्णालयांत आईबापांना ठरलेल्या वेळीच, मोजकाच वेळ मूल भेटायचं. मुलांशी खेळणारी, गोष्ट सांगणारी स्वयंसेविका म्हणूनच तिथे इतकी महत्त्वाची होती. ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या मुलांबद्दलच्या 1959 च्या सरकारी प्लॅट अहवालाने भेटीवरची बंधनं काढा, आईला मुलाजवळ राहू द्या असं सांगितलं, तरी रुग्णालयं जागची हलेनात. 1961 मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या आयांनी ते अमलात आणायला संघटना काढली. रुग्णालयाला मदत करणाऱ्या बायका आणि रुग्णालयाशी हुज्जत घालणाऱ्या बायका, दोन्ही याच इतिहासातल्या. तुझं मंडळ त्या वेळी कोणत्या बाजूला होतं? डॉक्टरांच्या बाजूला असलं तर तेही लिही. कार्यकारिणी कुरकुर करेल, करू दे.

मुलांचे जुने फोटो मात्र सरसकट छापू नकोस. खाटेवरचं ते मूल आज कोणाची तरी आजी असेल आणि तिला कोणी विचारलेलं नसेल. चेहरा ओळखू येत असला तर परवानगी घे, मिळाली नाही तर हातांचा किंवा वॉर्डाचा फोटो वापर.

पहिल्या पाच वर्षांच्या वह्या वाचून झाल्या की ढकललेल्या विषयांची यादी मला पाठव. आराखडा त्यानंतर पुन्हा करू.

तुझी,
ताई