लॉनवर पाणी साचतंय? आधी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा

खत टाकायची घाई नको. ओल्या लॉनमध्ये स्क्रू ड्रायव्हर ४ इंच सहज जात नसेल, तर माती दबलीय. काळ्या मातीत हे हमखास होतं. त्यात खाली बांधकामाचा राडारोडा असेल तर विचारूच नका. अशा मातीत भोकं पाडून ती मोकळी करायची. त्यासाठी तळाला खिळे असलेल्या चपला घेऊ नका. मी घेतल्या होत्या, भोकांच्या कडा उलट जास्त दाबल्या जातात. मातीच्या गुंड्या बाहेर काढणारं पोकळ दातांचं अवजार हवं. भोकं ३-४ इंच खोल, अर्ध्या वितीच्या अंतरावर. जूनचे एक-दोन पाऊस झाले की करा, पण माती हाताला चिकटत असेल तर थांबा. गुंड्या उचला, भोकांत जाड वाळू आणि चाळलेलं शेणखत सारा. उतारच घराकडे असेल तर मात्र आधी चर काढा.