परदेशी प्राध्यापकांना काय लिहू?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तांबे आणि कोबाल्टच्या शिफ बेस कॉम्प्लेक्सवर (धातूच्या अणूला सेंद्रिय रेणू जोडून झालेल्या संयुगांवर) पीएचडी करते. आमच्याकडे यूव्ही, आयआर ही वर्णपट मोजणारी यंत्रं आहेत. स्फटिकावरून रेणूची रचना काढणारं सिंगल क्रिस्टल एक्स-रे यंत्र नाही. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांना मेल करावा म्हणते, पण गाईड म्हणतात, आधी विद्यापीठाचा सामंजस्य करार होऊ द्या. थांबू का?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : थांबू नका. करार लागतो तो मुक्कामाला, पैशाला, पेटंटला. तेवढ्यापुरतं तुमच्या गाईडचं बरोबर आहे. पण दोन प्रयोगशाळांचं जमतं ते एखाद्या प्रश्नावरून, आणि तो प्रश्न आधी तुमच्याकडे हवा. ‘स्ट्रक्चर काढून द्या’ एवढंच लिहिलंत तर ती फुकटची हमाली झाली, कोण कशाला करील? ते काम कोचीच्या किंवा मद्रास आयआयटीच्या ‘सैफ’मध्ये, म्हणजे महागडी यंत्रं सगळ्यांना वापरायला देणाऱ्या सरकारी केंद्रात, फी भरून होतं. तुमच्या रेणूत तांब्याचे दोन अणू शेजारी असतील, तर त्यांच्या इलेक्ट्रॉनांचं आपसात काय चाललंय हे बघायला नमुना २ केल्व्हिनपर्यंत (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) थंड करून स्क्विड या अतिसंवेदनशील यंत्रावर चुंबकत्व मोजावं लागतं. मागायचं तर असलं काही मागा. त्याआधी केंब्रिजच्या क्रिस्टल डेटा केंद्रात शोधा. तिथं १९६५पासून अशा रचना गोळा होताहेत. तुमचंच कॉम्प्लेक्स आधी कुणी छापलेलं निघायचं!

आता क्रिस्टलचं. निवृत्तीपर्यंत मी नांदेडला शिकवलं. एप्रिल-मेमध्ये एकाही पोराला क्रिस्टल लावू दिले नाहीत. पारा ४२वर गेला की इथर दुपारपर्यंत उडतं आणि तळाशी नुसती पावडर बसते. दिवाळीनंतर लावा. कॉम्प्लेक्स डीएमएफ या द्रावकात विरघळवा, ती छोटी बाटली इथर असलेल्या मोठ्या बाटलीत उघडी ठेवा, मोठीचं झाकण घट्ट लावा. रोज उचलून बघायची खोड असेल तर ती आधी मोडा. कडा स्वच्छ असतील तर ०.२ मिलिमीटरचा, खसखशीहून बारीक दाणाही पुरतो. तो सुकवू नका, त्याच द्रावणात ठेवून कोचीला पाठवा. जर्मनीला मात्र स्क्विडसाठी कोरडी, शुद्ध पावडर जाते. तीस-चाळीस मिलिग्रॅम, सोबत सेफ्टी डेटा शीट. आणि कॉम्प्लेक्स बनवताना परक्लोरेट क्षाराचा मोह नको. क्रिस्टल देखणे येतात, पण असली कॉम्प्लेक्स खरवडतानासुद्धा फुटू शकतात. कुरिअरचं तर नावच नको. त्याऐवजी टेट्राफ्लुओरोबोरेट क्षार वापरा.

मेल दहा ओळींचा पुरे. त्यांच्या कोणत्या पेपरवरून सुचलं, हाताशी काय तयार आहे, नेमकं काय मोजून हवंय, एवढंच. सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण) आणि आयआरचे निकाल जोडा. ‘आय ॲम हार्डवर्किंग’ वगैरे काढून टाका. गाईडना सीसीत ठेवा, म्हणजे त्यांचाही रुसवा जाईल. पेपरवर नावं कोणत्या क्रमानं येणार, हे नमुना पाठवण्याआधी बोलून घ्या; निकाल हाती आल्यावर विषय काढला की भांडणं लागतात. पुढं तिकडे जायचं मनात असेल तर डाड (डीएएडी) या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती बघा. तिच्या अर्जाला तिथल्या प्राध्यापकांचं संमतिपत्र लागतं, पण ते पहिल्याच मेलमध्ये मागू नका.