कॅबिनेट उघडून फॅन साफ केला, रॅम वाढवली, तेव्हापासून डेस्कटॉप रांगतोय. फॉरमॅट मारू का?

नका मारू. परवापर्यंत नीट चालणारं मशीन तुम्ही उघडलंत, फॅन काढलात, रॅम घातलीत आणि मग ते रांगायला लागलं. यात विंडोजने काय केलं? हात कुठे लागला होता तिथे आधी बघायचं. एवढं साधं आमच्या दाजींना आजतागायत पटलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

दाजींचं कोपरखैरण्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मशीन म्हणजे इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-5 6500 प्रोसेसर, साधा एच110 मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्या खोक्यात येतो तो गोल फॅन. दिवाळीच्या साफसफाईत दुकानातल्या पोराने ब्लोअर मारला, वर हौसेने फॅन हीटसिंकसकट (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून पुसून परत बसवला. दुसऱ्या दिवसापासून कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत चहा पिऊन यावं. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेटला हातही न लावता निदान केलं: व्हायरस, फॉरमॅट मारू. दाजींचा सगळा धंदा डेस्कटॉपवरच्या फोल्डरांत, लग्नपत्रिका काय, वाढदिवसाचे बॅनर काय. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं आणि ते सगळं साफ! श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकण्यात एक दुपार गेली ती वेगळीच. मशीन होतं तसंच. मग तो म्हणाला, बोर्ड जुना झालाय, नवीन घ्या, यावर तसंही विंडोज 11 चालत नाही. आता इंटेलच्या आठव्या पिढीखालचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत हे खरं, पण त्याचा या रांगण्याशी काय संबंध?

शेवटी ताईने मला बोलावलं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. बेस स्पीड 3.20 गिगाहर्ट्झ, आणि प्रत्यक्ष स्पीड 0.8 च्या आसपास चिकटलेला. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतो तो सेटिंगचा स्क्रीन) बघितलं तर काहीच काम चालू नसताना तापमान नव्वदच्या वर. हीटसिंकला बोट लावलं, एक कोपरा डुलत होता. या फॅनला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक बोर्डातून आरपार गेलीच नव्हती. वर प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी मधली पेस्ट जुनीच, वाळून खडखडीत. हा प्रोसेसर शंभर अंशांना टेकला की जळू नये म्हणून स्वतःच वेग पाडतो. जुनी पेस्ट पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवी लावली, खुंट्या तिरप्या समोरासमोरच्या जोडीने टक्क वाजेपर्यंत दाबल्या. झालं, कोरल पूर्वीसारखं उघडायला लागलं.

यावर दाजी म्हणतात काय, "फॉरमॅट मारलाच होता, गुण उशिरा आला."

तर तुम्हीही फॅन काढलाय, पहिला संशय त्याच्यावरच. पेस्ट नवी लावलीत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. रॅमचं म्हणाल तर नवी पट्टी कमी वेगाची असली तर दोन्ही त्याच वेगाने चालतात, पण तेवढ्याने मशीन रांगत नाही. यूट्यूबवाले उगाच बाऊ करतात. फक्त एकूण मेमरी पूर्ण दिसतेय ना ते बघा, कारण नवी घालताना जुनी पट्टी अर्धवट उचकटलेली असू शकते. गेमच अडखळत असतील आणि ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी चुकून बोर्डाच्या पोर्टात गेलीय का तेही बघून घ्या.

तापमान ठीक असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, तर साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) दोन्ही टोकांना दाबून बसवा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी7 चा आकडा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर केबल बदला. वाढतोय तो सी5 (डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागा) असेल तर मात्र डिस्कच चाललीय. मग आधी डेटा बाहेर काढा, बाकीचे प्रयोग नंतर. हो, आणि प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका.

डिस्क गेलेली निघाली तर नव्या एसएसडीवर विंडोज टाकावंच लागेल, ते मान्य. हे वाचून दाजी म्हणणार, "बघ, शेवटी फॉरमॅटच." दाजी, तुमची डिस्क धडधाकट होती. सी5 शून्य, सी7 शून्य, माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे.